मन भटकतं म्हणून मौन प्रार्थना सोडू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही विरारहून अंधेरीला नोकरीला जाता. घरी नवरा, सासूबाई, दोन शाळकरी मुलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तीन दिवसांच्या मौनसाधनेला गेला होतात. तिथे शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एक उतारा घेऊन तासभर शांत बसणं जमलं आणि फार बरं वाटलं. घरी आल्यावर तेच करायला बसलात, तर पाच मिनिटांत डब्याची भाजी, मुलाची फी, ऑफिसातलं राहिलेलं काम, नाहीतर सरळ डुलकी. त्यात प्रार्थनागटातल्या एका गृहस्थांनी ऐकवलं की डोळे मिटून गप्प बसणं ख्रिस्ती नव्हेच, रिकाम्या मनात सैतान शिरतो. आता तुम्ही विचारताय की हे सोडून द्यावं का, की तुमची पद्धत चुकतेय. आणि जाता जाता, घरातल्या रोझरीचं, म्हणजे मारियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेचं, काय करायचं.

सोडू नका, एवढं आधीच सांगते. पद्धतीचं पुढे बघू. पण तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं: ‘विचार थांबले तरच प्रार्थना झाल्यासारखं वाटतं.’ खरी गोम तिथे आहे. मौनसाधनेच्या घरात स्वयंपाक दुसरं कुणी करत होतं, उठायची-जेवायची घंटा दुसरं कुणी वाजवत होतं, फोन कपाटात होता. तिथे मन निवलं ते त्या व्यवस्थेमुळेही. तीच निवांत अवस्था मापाला लावून तुम्ही विरारच्या घरात सकाळी साडेपाचला बसताय आणि स्वतःला नापास करताय.

हा घोळ जुना आहे. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 साली खास संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिलं. बिशपने एकांतवासी संन्याशासारखं राहायचं ठरवलं, किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असं त्यांनी त्यात स्पष्टच म्हटलंय. ज्याची जी अवस्था, तशी त्याची भक्ती. मी स्वतः धर्मभगिनी नाही, संसारी बाई आहे. इग्नेशियन साधनेचं, म्हणजे लोयोलाच्या संत इग्नेशियसने घालून दिलेल्या साधनेचं, मार्गदर्शन शिकले आणि बरीच वर्षं लोकांसोबत बसते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार हीच असते. मठाचं वेळापत्रक घरात बसवायचा प्रयत्न चाललेला असतो.

भटकण्याबद्दल बोलायचं तर आविलाची संत तेरेजा, जिला चर्चने प्रार्थनेची गुरू मानलंय, तिने स्वतः लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर आपलं लक्ष तास कधी संपतो याकडे, घड्याळाच्या ठोक्याकडे असायचं. हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची तिची छाती होत नसे. लिझ्यूची छोटी तेरेज तर प्रार्थनेत झोपायची, तेही सात वर्षं. याचं दुःख करायला हवं हे तिला कळत होतं, पण लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच आवडतं, असं म्हणून ती मोकळी झाली. दोघी संत आहेत. तेव्हा विचार येतात या कारणावरून स्वतःला बाद करू नका. आलेला विचार हाकलायला उठलात की दोन विचार होतात. ‘हो, फी भरायची आहे’ एवढं मनात म्हणा आणि उताऱ्यातल्या शब्दाकडे परत या. पंधरा मिनिटांत वीसदा परतावं लागलं, तर त्या दिवशीची प्रार्थना म्हणजे ते वीसदा परतणं.

झोपेचं मात्र वेगळं आहे. तुम्ही पाच तास झोपत असाल, तर आधी झोप वाढवा. चारला उठून प्रार्थना करण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे, मला ते पटत नाही. अपुऱ्या झोपेने दिवसभर मुलांवर खेकसणार असाल, तर ती प्रार्थना तुम्हालाच पुन्हा तपासावी लागेल. मी लोकांना बसल्यावर काय अनुभवलं हे नंतर विचारते, आधी उरलेल्या दिवसाचं विचारते. घरात कुणाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलंत का? एखादा राग लवकर उतरला का? जे टाळत होतात ते एखादं काम हातात घेतलंत का? फळ तिथे दिसतं. बसल्यावर काहीच ‘वाटलं’ नाही आणि तरी दोन महिन्यांत माणूस घरच्यांना सोसवण्याजोगा झाला, असं मी अनेकदा पाहिलंय. उलटही पाहिलंय. डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, आणि जावेशी अबोला जसाच्या तसा.

आता त्या गृहस्थांच्या बोलण्याविषयी, कारण ती भीती डोक्यात असेल तर बाकीचं काही कामाचं नाही. त्यांच्या मनात बहुधा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातला दाखला असावा. अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेलं आणि रिकामं दिसतं, तो आणखी सात आणतो. दाखला खरा आहे. पण ख्रिस्ती मौनात मन रिकामं करायचं हे कुणी सांगितलंय? आपण बसतो ते कुणाच्या तरी समोर, त्याचा शब्द घेऊन. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला, हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. खोलीत जा, दार लावून घे, हेही त्याचंच. इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकून आलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकात लिहिलंय की स्तोत्र 70 ची पहिली ओळ, म्हणजे देवा, माझ्या मदतीला धावून ये, ही एकच ओळ कामात, प्रवासात, झोपताना सतत घोळवावी. ही चर्चची जुनीच शिदोरी आहे. आपल्या मराठी मंडळींना तर नामस्मरण परकं वाटायचं कारणच नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत.

तरी त्यांच्या इशाऱ्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नका. 15 ऑक्टोबर 1989 रोजी रोमहून ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र निघालं, त्यावर तेव्हाच्या कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांची सही आहे. इतर धर्मांतल्या पद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून धुडकावू नयेत, त्यांतलं उपयोगी ते घ्यावं, मात्र देवाशी बोलणं ही प्रार्थनेची मूळ ओळख पुसू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. त्यातला एक मुद्दा मी नेहमी सांगते. शरीर सैल सोडल्यावर जे शांत, उबदार वाटतं, त्याला लगेच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नये. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आलेले लोक माझ्याकडे येतात. एका जागी बसण्याची सवय त्यांना चांगली लागलेली असते, त्याचा फायदा होतो. पण तिथे शिबिरापुरती सगळी प्रार्थना बाजूला ठेवायला सांगतात, म्हणजे तो मार्गच वेगळा. दोन्हींची खिचडी करू नये. लोणावळ्याच्या साधना केंद्राचे फादर अँथनी डिमेलो यांचंही नाव इथे निघतंच. त्यांच्या निधनानंतर 11 वर्षांनी, 1998 मध्ये, रोमने त्यांच्या लिखाणातल्या काही मतांविषयी इशारा दिला. पण सुरुवातीचं लिखाण ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे हेही त्याच निवेदनात म्हटलंय. शरीराची जाणीव, श्वास, मग वचन, हा त्यांचा सुरुवातीचा क्रम मी आजही वापरते.

मग करायचं काय? तुमची परिस्थिती तुम्हीच जाणता, मी तुमच्या घरी आलेले नाही. मुलं तान्ही असती, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं किंवा तुमची रात्रपाळी असती, तर मी वेगळं लिहिलं असतं. तुम्ही जे कळवलंय त्यावरून सांगते: सकाळी पंधरा मिनिटं, आठवडाभर एकच उतारा. स्वयंपाकघरातली खुर्ची चालेल. पाठ सरळ, पावलं जमिनीवर. बायबल छापील घ्या, फोनवरचं नको, कारण सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार नसल्याचा मेसेज नेमका तेव्हाच येतो.

पहिल्या आठवड्याला मार्क 10 : 46 ते 52 घ्या, यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय. एकदा हळू, ओठांनी वाचा. येशू चाललाय हे कळल्यावर तो ओरडतो, ‘दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ लोक त्याला गप्प बसवतात. तो जास्तच ओरडतो. येशू थांबतो. पहिल्या दिवशी तुम्ही कदाचित त्या ‘थांबतो’वरच अडाल. यरुशलेमकडे, मरणाकडे निघालेला माणूस एका भिकाऱ्यासाठी थांबला. तिथेच थांबा, पुढे वाचू नका. काही सुचलं तर त्याच्याशी बोला, नाही सुचलं तर गप्प राहा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्ष दुसरीकडे जाईल. बोलावणं आल्यावर तो अंगावरचं वस्त्र टाकून देतो आणि उडी मारून उठतो. रस्त्यावरच्या भिकाऱ्याचं ते एकुलतं पांघरूण असणार, रात्रीची ऊब, बहुधा तेच पसरून त्यावर नाणी गोळा करत असेल. दिसत नसताना टाकलं म्हणजे पुन्हा सापडेल याचा भरवसा नाही. तुम्ही काय घट्ट धरून बसलाय, हा प्रश्न इथे आपोआप येतो, ओढूनताणून आणावा लागत नाही. मग येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? थोडं वर सरकून 36 वं वचन बघा. हाच प्रश्न त्याने आत्ताच याकोब आणि योहानाला विचारलाय, आणि त्यांनी काय मागितलं? उजवी-डावीकडची सीट. विरार लोकलच्या बाईला यावर वेगळं प्रवचन लागणार नाही. एका सकाळी तो प्रश्न तुमच्याकडे वळू द्या आणि खरं ते सांगा. ‘मला बढती हवी आहे’ हे खरं असेल तर तेच सांगा. सजवलेलं मागणं त्याला नको असतं.

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या कार्थुसियन साधूने याच वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्यात: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर नुसतं असणं. पायऱ्या पाठ करू नका. एवढंच ध्यानात ठेवा की पहिल्या तीन आपल्या हातात आहेत, चौथी दिली तर मिळते. मौनसाधनेत तुम्हाला तिचा घास मिळाला. तो आपण कमावला असं धरल्यामुळे आता रोज तसाच शिजवायला बसताय.

सकाळचं एवढंच. बाकीचं लोकलमध्ये. नायगाव सुटलं की खाडीचा पूल येतो, वारा आत शिरतो, बायका क्षणभर तरी खिडकीकडे बघतात. तिथून बोरिवलीपर्यंत आठवड्याच्या उताऱ्यातली एक ओळ मनात म्हणत राहा. या आठवड्यात बार्तीमयची हाक. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) चर्चमध्ये जी येशूप्रार्थना शतकानुशतकं चालते, ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’, ती या हाकेच्या आणि येशूच्या दाखल्यातल्या, मंदिरात उभ्या जकातदाराच्या प्रार्थनेच्या पोटातूनच आली आहे. डोळे मिटायची गरज नाही. पलीकडे भजन चाललं असेल, चौथ्या सीटवरून वाद पेटला असेल, ते थांबायची वाट बघू नका. शेजारी घामाघूम उभ्या असलेल्या बाईलाही त्या ‘माझ्यावर’मध्ये घेतलंत तरी चालेल. मात्र श्वासाशी ताल जुळवणं, आकडे मोजणं, असले प्रयोग एकटीने करू नका. पूर्वेकडचे साधूही ते गुरूशिवाय करू देत नसत.

रात्री पाच मिनिटं. लोयोलाच्या संत इग्नेशियसने ज्यांना कामाधंद्यातून महिनाभर बाजूला होता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या साधना-पुस्तकाच्या 19 व्या सूचनेत घरी राहूनच साधना करण्याची सोय ठेवली होती. त्याच्या घडणीत दिवसाचं परीक्षण हे फार मोलाचं. आपल्या येशूसंघातल्या तरुण जेझुइटांना अभ्यासाच्या काळात लांबलचक ध्यान नको म्हणणारा हा माणूस दिवसातून दोनदा परीक्षण मात्र करायला लावायचा. लोक त्याची पापांची यादी करून टाकतात आणि आठवड्यात कंटाळतात. सुरुवात आभाराने करा, तेही नेमक्या गोष्टीबद्दल. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ याला अर्थ नाही. ‘धाकट्याने आज स्वतःहून दप्तर भरलं’ याला आहे. मग आज मन कुठे उजळलं, कुठे आक्रसलं ते बघा. समजा मीटिंगमध्ये सहकारिणीचं कौतुक झालं आणि तुमचा चेहरा उतरला. त्याला लगेच पाप म्हणू नका, लगेच माफही करू नका. प्रभूला दाखवा, हे असं झालं म्हणून. सकाळच्या ‘तुझी इच्छा काय’ या प्रश्नाचं खरं उत्तर बरेचदा रात्री इथे सापडतं. शेवटी उद्याचा एक अवघड क्षण त्याच्या हाती द्या आणि झोपा.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच सांगायला हवी. काही काळ असा असतो की एकट्याने गप्प बसणं माणसाला झेपत नाही. नुकतंच कुणी गेलेलं असतं, नैराश्य असतं, जुनी मारहाण किंवा अत्याचार आत साठलेला असतो. नवरा गेल्यावर दीड महिन्याने एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. डोळे मिटले की त्यांना अतिदक्षता विभागातल्या यंत्राचा आवाज ऐकू यायचा. त्यांना मी मौन थांबवायला सांगितलं. मोठ्याने स्तोत्रं वाचा, उघड्या डोळ्यांनी, शक्यतो मुलीला सोबत घेऊन. स्तोत्र 88 त्यांनी स्वतःच निवडलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची ओळ येत नाही. त्यांना तेच हवं होतं. समुपदेशकाकडेही त्या गेल्या. तुमच्या बाबतीत तसं काही जाणवत नाही, पण शांत बसल्यावर छाती धडधडणं, घाबरं होणं सुरू झालं, तर रेटू नका. समुपदेशक किंवा डॉक्टरांना दाखवा, आणि फादरांनाही सांगा.

महिनाभर हे करा आणि मग कुणा जाणत्या माणसाकडे जा. तुमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) फादर, एखाद्या सिस्टर किंवा साधनेचा अनुभव असलेलं कुणी प्रापंचिक माणूस. जाताना ‘जमतं-जमत नाही’ हा हिशोब नेऊ नका. कोणत्या शब्दावर थांबलात, रात्री काय काय वर आलं, घरात काय बदललं, हे सांगा. त्यावर कुणाला तरी मार्ग दाखवता येतो. गटातल्या त्या गृहस्थांशी वाद घालत बसू नका. विचारलंच तर मार्कचा दहावा अध्याय वाचते म्हणा.

राहिली रोझरी. ती बंद करू नका, विशेषतः सासूबाई सांगतात म्हणून म्हणत असाल तर मुळीच नको. मौन करणाऱ्यांना मध्येच वाटायला लागतं की माळ म्हणजे कमी प्रतीचं काहीतरी. चिंतनाशिवायची रोझरी म्हणजे आत्म्याविना देह, असं पोप पॉल सहावे 1974 मध्ये म्हणाले होते, आणि त्यात रोझरीचा दोष नाही, आपल्या घाईचा आहे. पाच रहस्यं, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग, टीव्हीवरच्या मालिकेच्या आधी उरकायची म्हणून ‘नमो मारिया’ या प्रार्थना एकमेकींच्या अंगावर पडतात. 2002 च्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी साधा उपाय सांगितलाय. रहस्य जाहीर करा, त्याचा छोटा उतारा वाचा आणि मग क्षणभर गप्प राहून पुढे जा. शिवाय ‘येशू’ हे नाव प्रत्येक नमो मारियाचा गाभा आहे, त्यावर किंचित रेंगाळा. उतारा वाचायचं काम मुलांना द्या, ती आपोआप शांत बसतात. सासूबाईंना मध्येच थांबणं खटकलं तर सगळी रोझरी बदलायला जाऊ नका. रविवारी, पहिल्या रहस्यापुरतंच करून बघूया का, असं त्यांना विचारा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. इतकी वर्षं माळ ओढताना त्या मनात काय धरतात, हेही त्याच वेळी विचारून घ्या. मला वाटतं, तुम्हाला शिकायला मिळेल.